चित्रातल्या वास्तूसमोर माणूस उभा करा



साने गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत, शिरूर-दौंड भागातल्या शिक्षक-पालकांपुढे, मुलांच्या पुस्तकांविषयी बोलायला मिळावं, याचा मला मनापासून आनंद आहे. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत गुरुजींनी आंतरभारतीचा ध्यास घेतला होता. एका प्रांतातल्या माणसाला दुसऱ्या प्रांताची भाषा यावी, तिथली गाणी माहीत व्हावीत, तिथली माणसं आपली वाटावीत, हे त्यांचं स्वप्न होतं. १९५० साली गुरुजी गेले आणि ते स्वप्न अर्धंच राहिलं. देशाची ओळख म्हणजे देशातल्या माणसांची ओळख, हे मात्र त्यांनी कधी सोडलं नाही. आज मी त्याच वाटेवरचा एक छोटा विषय घेतला आहे. देशातल्या नामांकित वास्तू आपण लहान मुलांना चित्रांच्या पुस्तकांतून कशा दाखवतो, आणि कशा दाखवायला हव्यात?

या वास्तूंचं सगळ्यात जास्त खपाचं चित्र कुठलं, याचा विचार केला आहे का तुम्ही? ते तुमच्या-माझ्या खिशात आहे. आजच्या दहाच्या नोटेमागे कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक आहे, वीसच्या नोटेवर वेरूळ आहे, पन्नासवर हंपीचा दगडी रथ, शंभरवर पाटणची राणी की वाव, दोनशेवर सांचीचा स्तूप, पाचशेवर लाल किल्ला. शिरूरच्या बाजारात आईशेजारी बसून मेथीच्या जुड्या मोजणाऱ्या मुलीच्या हातून दिवसभरात हा सगळा भारत जातो-येतो.

याच तालुक्यातल्या एका शाळेत चौथीच्या मुलांपुढे मी या नोटा पालथ्या मांडल्या. रंगावरून नोट सगळ्यांनी ओळखली. दहाचं चाक ओळखलं. शंभरच्या नोटेपाशी सगळे अडले. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “ही बारव आहे, आमच्या मामाच्या गावाला आहे अशी.” किती नेमकं उत्तर! वाव म्हणजे पायऱ्यांची विहीरच. वीसच्या नोटेवरचं वेरूळही दोघातिघांनी सांगितलं. मी विचारलं, हे देऊळ केवढं असेल? एक म्हणाली, आमच्या मारुतीच्या देवळाएवढं. दुसरा म्हणाला, शाळेएवढं. मग विचारलं, याचं आधी काय झालं असेल, पाया की कळस? सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “पाया!”

वेरूळच्या कैलासाचा आधी कळस झाला. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, पाथरवटांनी डोंगराच्या माथ्यावरून खाली खोदत जाऊन एका अखंड खडकातून ते देऊळ मोकळं केलं. मागची कातळभिंत सुमारे १०० फूट उंच आहे, आणि तेवढा दगड वरून खाली फोडत काढलेला आहे. एक घाव चुकला तर तिथे दुसरा दगड बसवायची सोय नाही. ही गोष्ट कळल्यावर त्या मुलांचे डोळे मोठे झाले, आणि नोट पुन्हा हातात घेऊन ती निरखून पाहायला लागली. नोटेवर मात्र यातलं काहीच नाही. तिथे एक आकृती आहे आणि खाली नाव आहे. नोटेचं काम तेवढंच, तिला बोल लावण्यात अर्थ नाही.

माझं म्हणणं असं, की आपण मुलांना जी चित्रं देतो तीही नोटेसारखीच असतात. स्टेशनरीच्या दुकानात ‘राष्ट्रीय स्मारके’ नावाचा तक्ता मिळतो. बोटभर चौकोनांत ताजमहाल, कुतुबमिनार, चारमिनार, गेटवे ऑफ इंडिया. मुलं ते कापून प्रकल्पाच्या वहीत चिकटवतात, खाली नाव लिहितात, गुण मिळतात. त्या चौकोनांत गेटवे आणि ताजमहाल एकाच उंचीचे असतात. सगळ्या वास्तू समोरूनच दिसतात. आभाळ सगळीकडे निळंच. आणि एकाही चित्रात माणूस नसतो! गर्दी नाही, माळी नाही, पहारेकरी नाही, चपला हातात घेऊन उन्हात उभी राहिलेली आजी नाही. मुलाला आकृती ओळखता येते, पण ती वास्तू केवढी, कशाची, कुणाच्या हातची आणि कशासाठी, यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. माणूस काढून घेतला की चित्रातलं मापही जातं आणि कारणही जातं.

सहलीत तरी ते मिळतं का? सवलतीची एसटी भल्या पहाटे निघते, दुपारी रायगडाला पोचते, रोपवे, रांगा, डबे, शिट्ट्या, मोजणी, आणि अंधार पडायच्या आत परत. शिक्षकांच्या जिवाला घोर लागलेला असतो, त्यांना दोष देणं अन्यायाचं होईल. पण ज्या मुलाने आधी पुस्तकात बाजारपेठेच्या जोत्यांवरून बोट फिरवलेलं असतं, ते मूल गडावर गेल्यावर ती जोती शोधतं. मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. पाहण्याची तयारी घरी, वर्गात, चटईवर होते. चित्रपुस्तकाची खरी जागा तिथे आहे.

मुलांना चित्रांतून जग शिकवायची कल्पना तशी जुनी. कोमेनियस नावाच्या चेक शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली न्यूरेंबर्गला ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’ छापलं. प्रत्येक पानावर लाकडी ठशाचं चित्र आणि चित्रातल्या वस्तूंना आकडे. मुलांसाठी छापलेलं पहिलं चित्रपुस्तक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. शिवाजी महाराज त्या वर्षी अठ्ठावीस वर्षांचे होते, एवढं म्हटलं की काळाचा अंदाज येतो. पुढे १९५९ मध्ये मिरोस्लाव्ह शाशेक या चित्रकाराने पॅरिसवर आणि लंडनवर मुलांसाठी पुस्तकं काढली, मग रोम, न्यूयॉर्क. त्याच्या पानांवर वास्तू तर आहेतच, पण त्यांच्या पायथ्याशी पोलीस, मांजरं, पाववाले, रांगेतली शाळकरी मुलंही आहेत. शहर ही माणसांनी वापरायची गोष्ट आहे हे पान उलटता उलटता कळतं.

या प्रकारातलं माझं सर्वांत लाडकं पुस्तक १९७३ सालचं, डेव्हिड मॅकॉले यांचं ‘कथीड्रल’. एक मोठं चर्च बांधायला घेतात, आणि पानागणिक ते वर चढत जातं. पाया खणतात, जंगलातून लाकूड येतं, परांची बांधतात, पैसे संपतात, काम थांबतं, एका पिढीकडून काम पुढच्या पिढीकडे जातं. शाईच्या काळ्या रेघांनीच काढलेली चित्रं आहेत, रंग नाही. तरीही पुस्तक मिटताना आपण त्या कामावर राबून आलो असं वाटतं. मराठीत कैलास लेण्यावर असं पुस्तक व्हायला हवं. ते आडवं न उघडता उभं उघडावं, आणि पान खाली खाली उलगडत जावं. पहिल्या पानावर सपाट कातळ आणि त्यावर चार माणसं, शेवटच्या पानावर अंगणातले हत्ती. छाप्याच्या दृष्टीने ते महाग पडेल, उलगडणारं पान हाताने घडी घालावं लागतं. तरी व्हावं असं मला फार वाटतं.

आता आपल्या दौंड तालुक्यातल्या एका बाईंची आठवण काढते. या विषयात त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. केडगावला मुक्ती मिशन आहे. पंडिता रमाबाई तिथे राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी तिथेच वारल्या. रमाबाई म्हटलं की आपल्याला विधवांचं काम आठवतं, धर्मांतराचा वाद आठवतो, बायबलचं भाषांतर आठवतं. १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या, आणि तिथे राहून त्यांनी बालवाडीची फ्रोबेलची पद्धत शिकून घेतली, हे तितकंसं सांगितलं जात नाही. वस्तू हातात द्यायची, बघू द्यायची, करू द्यायची, शब्द त्यानंतर. मराठी मुलांसाठी सचित्र वाचनपुस्तकं करण्याचं कामही त्यांनी तिथेच हाती घेतलं. परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडलं. पुढे दुष्काळातल्या मुली-बायकांना घेऊन केडगाव उभं राहिलं. तिथे छापखाना होता आणि खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामं मुली करत होत्या. अंध मुलींनाही तिथे बोटांनी वाचायला शिकवलं गेलं.

विचार करा, पुण्याहून दौंडला येणारी गाडी केडगावला थांबते. रोज कितीतरी मुलं त्या स्थानकावरून शाळेला जातात. त्यांच्या पुस्तकात टपाल तिकिटाएवढा रमाबाईंचा फोटो असतो. पण केसावर पदर घेतलेली दहा-बारा वर्षांची मुलगी खिळ्यांच्या खणांपुढे उभी राहून उलटी अक्षरं जुळवते आहे, असं एक पानभर चित्र कुठेच नाही. ते चित्र पाहणाऱ्या मुलीला, आपल्या तालुक्यात बायकांनी काय काय केलं, हे कुणी वेगळं सांगावं लागणार नाही. मला तर वाटतं मुक्ती मिशनचं चित्रपुस्तक अंध मुलांनाही वाचता यावं, उठावाच्या रेघांचं असावं.

आता मी ज्यासाठी शिरूरला यायला एवढी उत्सुक होते त्याकडे येते. इनामगाव.

घोडनदीच्या उजव्या काठावर, तुमच्याच तालुक्यात. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजच्या लोकांनी तिथे हंगामामागून हंगाम खोदलं. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली मोठी नावं. निघालं काय, तर सुमारे इसवीसनपूर्व १६०० ते ७०० या नऊशे वर्षांतलं एक गाव. शिवाजी महाराजांच्या आधीचं, यादवांच्या आधीचं, सातवाहनांच्याही आधीचं. भारतातल्या ताम्रपाषाण काळावर कुठेही पुस्तक लिहिलं गेलं की इनामगावचं नाव त्यात येतंच. म्हणजे ही राष्ट्रीय महत्त्वाची जागा झाली. पण तिथे आज जाऊन काय दिसतं? शेतं, बाभळी, पांढरीची माती, फार तर खापराचे तुकडे. घुमट नाही, मनोरा नाही, फोटो काढावा असं काही नाही. म्हणून आपल्या तक्त्यावर इनामगाव नाही.

मला वाटतं चित्रपुस्तकाची खरी कसोटी इथेच आहे. ताजमहालाचा फोटो कुणीही छापेल. जे जमिनीखाली गेलं ते दाखवायचं तर चित्रकारच हवा.

आणि दाखवायला किती आहे! चौकोनी घरं, कुडाच्या भिंती, शेणामातीने सारवलेली जमीन, चुली, धान्य साठवायच्या बळदी. गावाच्या मध्यावर पाच खोल्यांचं एक घर आणि शेजारी धान्याचं कोठार, बहुधा गावच्या मुख्याचं. कडेला कुंभाराची भट्टी. सातू पिकत होते. नदीच्या पुराला अडवणारा बांध होता आणि पाणी वळवून आणणारा पाट होता. ज्या तालुक्यात पाटाचं आवर्तन कधी सुटणार यावर गावागावांत बोलणं चालतं, तिथल्या मुलांना तीन हजार वर्षांपूर्वीचा पाट दाखवायला मिळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे. तांबड्या मडक्यांवर काळ्या रेघांची नक्षी, आणि तोटीची भांडी. बैलगाडीचं चित्र असलेलं मडकंही तिथे सापडलं. बैलगाड्यांच्या शर्यतीला घाटावर गर्दी करणाऱ्या आपल्या पोरांना याहून जवळचं दुसरं काय दाखवणार?

मग हवामान कोरडं होत गेलं. शेती साधेना. शेवटच्या काळात मोठी चौकोनी घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या आल्या, लोक शेरडा-मेंढरांवर आणि शिकारीवर जगायला लागले. पुढे गाव सुटलं. हे दोन पानांत दाखवता येतं, एकही अक्षर न लिहिता. डाव्या पानावर ओलं, हिरवं, भरलेलं गाव आणि उजव्या पानावर तीच नदी, तोच बांध, पण झोपड्या गोल झालेल्या आणि झाडं विरळ. मूल स्वतःच विचारेल, काय झालं? दुष्काळी पट्ट्यातल्या मुलाला तर उत्तरही स्वतःच सुचेल.

इनामगावच्या पुस्तकात एक पान अवघड आहे. ते टाळू नये असं मला वाटतं. तिथले लोक आपली गेलेली माणसं घराच्या जमिनीखाली पुरत. तान्ही मुलं गेली तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत आणि त्यात त्यांना निजवत. आणि मातीचा एक मोठा रांजण निघाला, चार पायांचा, माणसाच्या पोटासारखा फुगीर. त्यात प्रौढ वयाचा पुरुष मांडी दुमडून बसवलेला होता. मुलांच्या पुस्तकात हे कसं दाखवायचं, म्हणून लोक कचरतात. पण खेड्यातल्या मुलांनी मरण पाहिलेलं असतं. आजोबांना नेलेलं पाहिलेलं असतं. घरातलं माणूस घरातच राहावं, म्हणून जमिनीखाली ठेवणारी आई त्यांना कळते. अंधारं, भुतांचं चित्र काढू नये. दिवसाउजेडी, आई अंगणात बसली आहे आणि दुसरं मूल तिच्या मांडीवर आहे, असं काढावं. खाली जमिनीच्या छेदात दोन मडकी. बस्स. बाकीचं वाचून दाखवणाऱ्याने बोलावं.

अवघड जागांचा विषय निघालाच आहे तर तुमच्याकडच्या आणखी दोन जागांबद्दल बोलते. वढू बुद्रुकला संभाजी महाराजांची समाधी आहे. सहा वर्षांच्या मुलासमोर मार्च १६८९ मधल्या छळाचं चित्र ठेवायचं, याला माझा ठाम विरोध आहे. त्याने मुलाच्या मनात महाराज राहत नाहीत, जखमा राहतात. संस्कृतात ‘बुधभूषण’ लिहिणारा राजपुत्र दाखवा, दौत, बोरू, समई, समोर पोथी. मग घोड्यावरचा राजा दाखवा. मग भीमेचा काठ आणि समाधीपाशी जमलेलं गाव दाखवा. काय घडलं ते मोठ्यांनी साध्या वाक्यात सांगावं, मुलाच्या वयाप्रमाणे. मूल मोठं झालं की उरलेलं स्वतः वाचेल.

दुसरी जागा कोरेगाव भीमा. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री इथल्याच, शिरूरच्या इंग्रज छावणीतून कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी निघाली आणि रात्रभर चालून सकाळी भीमेकाठी कोरेगावला पोचली. १ जानेवारी १८१८ ला पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली. नदीपलीकडे पेरण्याच्या हद्दीत जो विजयस्तंभ आहे, त्यावर पडलेल्या सैनिकांची नावं कोरलेली आहेत, त्यांत महार सैनिकांची नावं आहेत. १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे आले. लाखो लोकांसाठी ती मानाची जागा आहे. अशा स्तंभाचं चित्र लांबून, आभाळाच्या पार्श्वभूमीवर काढलं तर तो फक्त एक उंच दगड होतो. चित्रकाराने जवळ जावं. नावांची पाटी पानभर घ्यावी, आणि एक आजोबा नातवाचं बोट धरून त्या नावांवरून फिरवताहेत असं काढावं. कोण कुणाच्या बाजूने का लढलं, हे प्रश्न मुलं विचारतील. विचारू द्यावेत. शिक्षकाने आधी वाचून तयार राहावं, एवढीच अट. ज्या पानावर एकही प्रश्न निघत नाही ते पान वाया गेलं, असं मी समजते.

शिरूर गावातच कर्नल वॉलेसची कबर आहे. १८०९ साली वारलेला इंग्रज अधिकारी, आणि आसपासचे शेतकरी त्याला सत्पुरुष म्हणून नव्या धान्याचा पहिला वाटा वाहत. जुन्या गॅझेटिअरमध्ये याची नोंद आहे. यात पुस्तक दडलेलं आहे, पण ते काढण्याचा मान इथल्याच कुणाचा तरी असावा.

दौंडकरांना वाटेल, आमच्याकडे काय आहे, एक जंक्शन. अहो, जंक्शन हीच वास्तू! १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि मुंबई-मद्रास मार्गावरचं हे गाव उत्तरेकडच्या वाटेला जोडलं गेलं. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन इथे काढून दुसऱ्या टोकाला जोडावं लागे, हे दौंडच्या प्रत्येक मुलाने पाहिलेलं किंवा बापाकडून ऐकलेलं आहे. त्याचं चित्रपुस्तक काढायचं तर वरून, पक्ष्याच्या नजरेने काढावं. रूळ कसे फाटतात, गाडी कुठून येते, कुठे तोंड फिरवते. फलाटावर कुली, चहावाला, गँगमन, लाल-हिरवा झेंडा. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस पुस्तकात पाहताना त्या मुलाला कळेल, की त्या कमानीखालून निघालेला रूळ आपल्या दारावरून जातो. भीमेपलीकडे श्रीगोंद्याच्या हद्दीतला पेडगावचा किल्लाही दौंडकरांना जवळचाच. तिथल्या नदीकाठच्या तटावर हत्तीच्या मोटेने पाणी वर चढवायची जागा दाखवतात. हत्ती, दोर, मोट आणि पाणी, एवढ्यावर चार पानं होतील, आणि मुलं ती पाठ करतील.

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे आता इथल्या शाळांच्या पटावर बिहारची, उत्तर प्रदेशाची, ओडिशाची नावं आहेत.  या मुलांचं पटावर नाव असतं, पण वर्गात त्यांचा आवाज नसतो, कारण मराठी अजून जिभेवर बसलेली नसते. मी अशाच एका वर्गात कोणार्कचं मोठं चित्र उघडलं. कोपऱ्यातली एक मुलगी उठून पुढे आली आणि चाकावर हात ठेवून हिंदी-मराठी मिसळून सांगायला लागली, की मी हे पाहिलं आहे, माझी आत्या तिथे जवळ राहते, हे चाक माझ्याहून मोठं आहे. हात वर करून तिने उंची दाखवली. तिचा हात तिथपर्यंत पोचत नव्हता, तर ती बाकावर चढली. वर्गातल्या सगळ्यांनी मान वर करून पाहिलं. माप असं कळतं. आणि त्या दिवसापासून वर्गाला ओडिशा म्हणजे ती मुलगी. गुरुजींची आंतरभारती याहून वेगळी काय असणार?

असं चित्रपुस्तक वाचायचं कसं, यावर थोडंसं. पुस्तक उघडल्या उघडल्या नाव सांगू नका. खालची ओळ हाताने झाका आणि मुलांना बघू द्या. सगळ्यात लहान काय दिसतं, विचारा. सावली कुठे पडली आहे, म्हणजे सकाळ की संध्याकाळ, विचारा. या दारातून बैलगाडी जाईल का? हा दगड इथे आणला कसा असेल? सनावळी शेवटी, आणि तीही पाठ करून घ्यायला नाही. माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ ज्या शिक्षकांनी वापरलं आहे त्यांना हे सांगायला नको. चित्र हे बोलण्यासाठी असतं, हे त्यांच्या कामाने मराठी शाळेला शिकवलं. ‘वाचू आनंदे’मध्येही त्यांनी लहान मुलांसमोर खरी, मोठ्या चित्रकारांची चित्रं ठेवली. मुलांना बाळबोध चित्रंच कळतात, हा आपला समज त्यातून मोडायला हवा होता. पुरता मोडलेला नाही.

मोबाइलवर सगळं फिरतं दिसतं, मग पुस्तक कशाला, असं पालक विचारतात. फिरतं चित्र आपल्या वेगाने पुढे जातं. पान मुलासाठी थांबतं. मुलाला अर्धा तास हत्तीच्या पायाकडेच बघायचं असेल तर पानाची काही हरकत नसते.

आणि पैसे? चार रंगांतलं, चांगल्या कागदावरचं चोवीस पानी पुस्तक कमी प्रतींत छापलं की महाग पडतं, हे खरं आहे. प्रकाशक खपाची खात्री मागतो, आणि एका तालुक्याचा खप तो किती. पण वर्गात एकच प्रत असली तरी भागतं, फक्त ती मोठी हवी, मागच्या रांगेला दिसेल एवढी. आणि पहिली प्रत छापखान्यात जायलाच हवी असंही नाही. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढत. रोज! त्यांच्याकडे ना यंत्र होतं ना पैसा. तुमच्याकडे कार्डशीट आहे, गेरू आहे, चुना आहे, चुलीतला कोळसा आहे. इनामगावच्या कुंभारानेही तांबड्यावर काळंच वापरलं होतं.

म्हणून शिरूरच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की इनामगावचं पुस्तक या वर्षी तुमच्या मुलांनी करावं. एका शाळेने घरं घ्यावीत, एकीने पाट आणि बांध, एकीने मडकी, एकीने तो रांजण. मजकूर चार ओळींच्या वर नको. चित्रं तयार झाली की इनामगावच्या म्हाताऱ्या माणसांना दाखवा. खोदकामावर मजुरीला गेलेलं, पाट्या वाहिलेलं कुणी असेल तर त्यांचंही एक पान त्या पुस्तकात हवं, कारण जमिनीतून ते गाव त्यांनीच वर काढलं. त्याआधी मुलांना येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात घेऊन जा. इनामगावच्या वस्तू तिथे ठेवलेल्या आहेत. सोबत वही, पेन्सिल आणि शिंप्याची टेप न्या. वस्तू काचेआड असेल तर काचेबाहेर वर्गातल्या एका मुलाला उभं करा, ती त्याच्या गुडघ्यापर्यंत येते की कमरेपर्यंत ते वहीत लिहून घ्या, आणि चित्र काढताना त्या मुलालाही चित्रात घ्या.